मुलांच्या मनातील चित्र आणि फळ्यावरील चित्र

सांगलीहून पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आष्टा हे वाळवा तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव लागते. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधील हा सपाट, काळ्या मातीचा मुलूख आहे. दृष्टी जाईल तेथवर ऊस आणि मधूनमधून हळदीची शेते. गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांची रीघ लागते. या परिसरातील दुसरी-तिसरीच्या एखाद्या मुलाला कागद देऊन ‘मनाने चित्र काढ’ असे सांगितले, तर ते बहुधा काय काढते? दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीकाठी एक घर आणि घराजवळ नारळाचे झाड. ज्याच्या घराभोवती डोंगर नाही आणि ज्याने नारळाची बाग कधी पाहिलेली नाही, तेही हेच चित्र काढते. रोज डोळ्यांसमोर असणारा ऊस, दारातील म्हैस, कारखान्याचे धुराडे, पाणी पाजायला रात्री शेतावर जाणारे वडील यांपैकी काहीही त्या कागदावर उमटत नाही.

ही तक्रार एकट्या आष्ट्याची नाही. हे चित्र महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. ते त्या मुलाचे चित्र नसून कधीतरी कोणीतरी फळ्यावर काढून दाखविलेले चित्र आहे. ‘मनाने काढ’ म्हटल्यावरही मुलाला फळाच आठवावा, याचा अर्थ त्याचे स्वतःचे मन कोणी कधी विचारलेच नाही, असा होतो. आम्हांला येथे ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो हाच आहे.

भाषेचा वाद आणि विसरलेला प्रश्न

२०२५ साली महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणावर मोठे वादळ उठले. १६ एप्रिल रोजी शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. १७ जून रोजी त्यात बदल करण्यात आला आणि लोकांचा विरोध वाढल्यावर २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले. त्या अडीच महिन्यांत साहित्यिक, शिक्षक, पालक आणि राजकीय पक्ष सारेच बोलले. मातृभाषेचा आग्रह योग्यच होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे.

परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न मागे राहिला. सहा वर्षांच्या मुलाने किती भाषा शिकाव्यात यावर आपण भांडलो, पण त्या मुलाला कोणत्याही एका भाषेत स्वतःचे काही सांगण्याची संधी आपण देतो काय, हे कोणी विचारले नाही. मराठी माध्यमाच्या वर्गातही मूल दिवसभर दुसऱ्याची वाक्ये उतरवून काढीत असेल, तर मातृभाषा त्याच्या हातात आहे पण तोंडात नाही, असेच म्हणावे लागेल. भाषा ही उत्तरे देण्यासाठी असते तशी ती सांगण्यासाठी, विचारण्यासाठी, रडण्यासाठी आणि थट्टेसाठीही असते.

कायदा काय म्हणतो?

मुलांची अभिव्यक्ती ही हौसेची बाब नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १९९२ साली त्यास मान्यता दिली. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जावे, त्याला बोलून, लिहून किंवा कलेच्या द्वारे व्यक्त होता यावे आणि खेळण्यास व कलाजीवनात भाग घेण्यास वाव मिळावा, असे हक्क या कराराने मान्य केले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा शिक्षणाचा आवश्यक भाग मानला.

प्रत्यक्षात मात्र गाडी कोठे अडते, हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात दिसते. २००९ च्या या कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले, पण ते जेथे शंभरावर मुले आहेत अशाच शाळांसाठी. पहिली ते पाचवीच्या वर्गांना अशा निदेशकाची तरतूद नाही. म्हणजे वाड्यावस्त्यांवरील लहान शाळा आणि जेथे सृजनाचा झरा सर्वांत मोकळा वाहतो ते वय, दोन्ही या तरतुदीच्या बाहेर राहिले. तेथे कलेचा तास हा त्याच शिक्षकाच्या खांद्यावर पडतो, ज्याला दोन-दोन वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि अहवाल सांभाळावयाचे असतात. अशा शिक्षकाने फळ्यावर दोन डोंगर काढून ‘हे काढा’ म्हटले, तर त्याला दोष देण्यास आमची लेखणी धजावत नाही.

कला गुणपत्रिकेशी जोडली गेली की आणखी एक अडचण उभी राहते. आपल्या राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा अनेक वर्षे चालत आल्या आहेत. त्यांनी खेड्यापाड्यांतील हजारो मुलांच्या हाती रंग-ब्रश दिले, हे उपकार विसरता येणार नाहीत. मात्र या परीक्षांतील श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा अनेक घरांत चित्रकला ही गुण मिळविण्याची युक्ती झाली. ठरावीक स्मरणचित्रे घोटून पाठ केली जाऊ लागली. चित्रसुद्धा पाठ करता येते, हा शोध आपल्या परीक्षापद्धतीनेच लावला!

शेजारच्या गावांनी दाखविलेली वाट

हे चित्र बदलू शकते, हे सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आष्ट्याच्या एका बाजूस कोल्हापूर आहे. तेथे लीलाताई पाटील यांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. शिक्षकांना शिकविण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालविलेल्या या बाईंनी निवृत्तीनंतर विसावा न घेता लहान मुलांची मराठी शाळा काढली. मुलांना शिक्षा न करणे, पुस्तकाबाहेरच्या जगाकडे त्यांना नेणे, त्यांनी पाहिलेले त्यांच्याच शब्दांत त्यांच्याकडून लिहून घेणे आणि त्या लिखाणाला मान देणे, अशी त्या शाळेची रीत. शाळेच्या नावातच सृजन आणि आनंद हे दोन शब्द एकत्र आले आहेत.

दुसऱ्या बाजूस सातारा जिल्हा आहे. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली ‘प्रगत शिक्षण संस्था’ स्थापन केली आणि पुढे ‘कमला निंबकर बालभवन’ ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपला संशोधनाचा प्रबंध फलटणच्या बोलीवर लिहिला होता. ज्या बोलीला आपण ‘अशुद्ध’ म्हणून हिणवतो, तिच्यात त्यांना अभ्यासाचा विषय दिसला. ‘आलंया’, ‘गेलंया’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशीच गप्प केले, तर ते पुढे दहा वर्षे गप्प राहते. त्याची बोली आधी ऐकून घेऊन मग प्रमाण मराठीकडे नेले, तर ते दोन्हींत बोलते. कृष्णाकाठच्या प्रत्येक शिक्षकाने मनात धरावी अशी ही गोष्ट आहे.

तिसरे उदाहरण सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळांत २०१२ च्या सुमारास विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू केले. मुले रांगांत न बसता गटांत बसू लागली, जमिनीवर आखलेल्या आकृत्यांवर, खडे-काड्या-कार्डे घेऊन स्वतः शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक त्या शाळा पाहण्यास गेले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे या प्रयोगाचीही प्रेरणा होती.

या तिघींच्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा नेली, हे सर्वज्ञात आहे. शिंपले, बिया, पाने, माती ही त्यांची साधने. महागड्या साहित्यावाचून मूल फुलते, हे महाराष्ट्राला ठाऊक होऊन पाऊण शतक उलटले आहे.

मग हे पसरले का नाही?

आमच्या मते याचे उत्तर कुमठे बीटच्या कथेतच आहे. तेथून परतल्यावर अनेक शाळांनी फरशी रंगविली. आकृत्या, तक्ते, अंक सारे उतरवून आणले. पण शिक्षकाने मुलाकडे खाली वाकून ‘तुला काय वाटते?’ असे विचारणे, हे रंगाच्या डब्यातून येत नाही. जे दिसते त्याची नक्कल झाली, जे ऐकू यावे लागते ते मागे राहिले. म्हणजे मुलांना नक्कल करावयास लावण्याचा आपला दोष आपण मोठ्यांनीही गिरविला.

दुसरे कारण घराघरांत आहे. ऊसपट्ट्यातील आई-वडिलांनी कष्टाने चार पैसे बाजूला टाकलेले असतात. मुलाने आपल्यासारखे रानात राबू नये, ही त्यांची इच्छा रास्त आहे. त्यासाठी शिष्यवृत्तीची परीक्षा, नवोदयची परीक्षा आणि शिकवणी यांत मुलाची संध्याकाळ संपते. चित्र, गाणे, गोष्ट, मातीचे बैल हे ‘रिकामपणचे उद्योग’ ठरतात. आणि ज्या घरांत कलेला मान मिळतो, तेथे तो बक्षिसासाठी मिळतो. २००८-०९ साली दूरचित्रवाणीवरील ‘लिटल चॅम्प्स’ या मराठी गाण्याच्या स्पर्धेने सारा महाराष्ट्र मोहून गेला. त्या गुणी मुलांचे कौतुक आम्हीही केले. परंतु त्यानंतर गाणारे प्रत्येक मूल स्पर्धक झाले आणि न जिंकणारे मूल गाणे सोडू लागले, हेही आपण पाहिले. जे मूल केवळ आनंदासाठी बेसूर गाते, त्याला आपल्या घरात जागा आहे काय?

आता यात यंत्राचीही भर पडली आहे. मोबाईलवर दोन शब्द लिहिले की क्षणात सुबक चित्र आणि शुद्ध निबंध तयार मिळतो. ज्या शाळेला केवळ सुबक चित्र आणि शुद्ध निबंध हवा आहे, तिला यापुढे मुलाची गरजच उरणार नाही. मुलाचे चित्र मोलाचे असते ते सुबकतेमुळे नव्हे, तर ते त्या मुलाने पाहिलेले असते म्हणून.

जे सांगितले नाही ते कोठे जाते?

हा प्रश्न केवळ कलेचा नाही, तो वेदनेचाही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि वारणा यांच्या महापुराने सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली बोट उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली. जुलै २०२१ मध्ये पूर पुन्हा आला. या मुलखातील हजारो मुलांनी घरात शिरलेले पाणी पाहिले, दावणीची जनावरे सोडताना आजोबांना रडताना पाहिले, शाळेच्याच खोल्यांत निवाऱ्याला रात्री काढल्या. पाणी ओसरले, चिखल निघाला, धान्य आणि अंथरुणे वाटली गेली. मुलांच्या मनातील चिखलासाठी मात्र आपल्याजवळ काय होते? ‘पूर : एक नैसर्गिक आपत्ती’ हा मार्गदर्शिकेतील निबंध. त्यात पुराची कारणे असतात, उपाय असतात, पण वाहून गेलेले दप्तर नसते. एक कोरा कागद, चार खडू आणि ऐकणारा एक मोठा माणूस एवढे जरी त्या मुलांना मिळाले असते, तरी पुष्कळ झाले असते.

दरवर्षी हिवाळ्यात आणखी एक मुलांचा समुदाय या परिसरात येतो. ऊसतोड मजुरांची मुले फडाच्या कडेला, पालात राहतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात साखरशाळा झाल्या, मूळ गावी हंगामी वसतिगृहे झाली. तरीही पहाटेच्या थंडीत आईबापांबरोबर फडात जाणारी मुले आजही दिसतात. या मुलांना कोणी ‘कलागुण’ विचारीत नाही. पण उसाच्या चिपाडाची गाडी आणि चिखलाची चूल तीच करतात. खेळणे विकत न मिळाल्यामुळे ज्याला ते स्वतः घडवावे लागते, त्या मुलातील सृजन कोणत्याही शिबिरातील मुलाहून कमी नाही. ते पाहणारा डोळा मात्र आपल्याजवळ नाही.

ख्रिस्तसभेने आरशात पाहावे

येथवर आम्ही शाळा आणि शासन यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे प्राप्त आहे. देवाने मानवाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, अशी आपली श्रद्धा आहे. बायबलच्या पहिल्याच पानावर देवाची जी ओळख होते ती निर्माणकर्ता म्हणून होते. तर मग त्याच्या प्रतिरूपाचा पहिला पुरावा मुलाच्या घडविणाऱ्या हातांतच दिसावयास हवा. शिष्य मुलांना दूर सारू लागले तेव्हा प्रभू येशू ख्रिस्ताने शिष्यांना दटावले आणि मुलांना जवळ घेतले. त्याने त्यांची परीक्षा घेतली नाही, त्यांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. मुलांच्या शारीरिक, नैतिक व बौद्धिक गुणांचा सुसंवादी विकास व्हावा आणि आई-वडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक आहेत, ही त्याची शिकवण. या घोषणापत्रास साठ वर्षे झाली तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी शिक्षणावर एक पत्र लिहिले आणि माणूस म्हणजे कौशल्यांची यादी नव्हे, त्याला चेहरा, कथा आणि पाचारण असते, असे प्रतिपादन केले. त्यापूर्वी पोप फ्रान्सिस यांनी २५ व २६ मे २०२४ रोजी रोम येथे पहिला जागतिक बालदिन साजरा केला आणि जगभरच्या मुलांचे प्रश्न स्वतः ऐकून घेतले.

आपल्या धर्मग्रामांत काय चालते? धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्न ठरलेले आणि उत्तरेही ठरलेली. प्रार्थना पाठ आहे की नाही हे आपण पाहतो. मूल एकटे असताना देवाला काय सांगते, हे विचारीत नाही. नाताळच्या नाटिकेत मेंढपाळाचे वाक्य मोठ्या माणसाने लिहिलेले असते आणि ते विसरले की मुलाला पडद्यामागून दटावले जाते. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले आणि मराठी नाटकाचा पाया घातला. आष्ट्याची चौंडेश्वरीची भावई पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. सोंगे, वाद्ये आणि लोककला या मातीत मुरलेली आहेत. अशा मुलखातील मुलांना गोठ्याचा प्रसंग त्यांच्याच शब्दांत उभा करता येणार नाही, असे आपण का समजतो? येथील मेंढपाळ बिरोबाच्या माळावरचा धनगर असेल आणि उतारशाळेत जागा न मिळालेले जोडपे उसाच्या फडावरचे असेल. कदाचित तेव्हाच आपल्याला बेथलेहेम नीट कळेल.

याचा मार्ग ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे. बालशिक्षणाचा नवा विचार देणाऱ्या मारिया मॉन्टेसरी या कॅथलिक होत्या. त्यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि १९३९ ते १९४६ या काळात भारतात राहून शिक्षक घडविले. त्यांच्याच विचारावर सोफिया कावालेत्ती यांनी १९५४ साली रोममध्ये लहान मुलांच्या धर्मशिक्षणाची नवी पद्धत सुरू केली. ती उत्तम मेंढपाळाच्या दाखल्याभोवती गुंफलेली आहे. मूल लाकडी मेंढरे हाती घेते, दाखला ऐकते, शांत बसते आणि मग आपल्याला काय दिसले ते चित्रातून किंवा शब्दांतून सांगते. शिक्षक उत्तर सांगत नाही, वाट पाहतो.

काय करता येईल?

आष्ट्याच्या परिसरात कॅथलिक कुटुंबे थोडी आहेत. म्हणून येथे मोठ्या योजनांची भाषा आम्ही करणार नाही. लहान गोष्टी मात्र उद्यापासून करता येतील. मुलाने चित्र दाखविले तर ‘हे काय काढलेस?’ असे विचारू नये. ‘मला याची गोष्ट सांग’ असे म्हणावे आणि मग मधे बोलू नये. घरातील एक भिंत मुलांच्या कागदांसाठी सोडावी. आठवड्यातून एक संध्याकाळ दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद ठेवून घरातील सर्वांत लहानाने बोलावे आणि मोठ्यांनी ऐकावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात दर रविवारी शेवटची पंधरा मिनिटे मुलांची असावीत. येत्या नाताळात एक नाटिका मुलांनीच रचावी, तिच्यातील चुकांसह. मे महिन्याच्या सुटीत शिबिर घ्यावयाचे झाल्यास ते सर्व धर्मांच्या मुलांसाठी, विनाशुल्क असावे आणि तेथे बक्षीस नसावे. गळिताच्या हंगामात युवकांनी आठवड्यातून एकदा कागद-खडू घेऊन पालांवर जावे. शिकविण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी.

या गोष्टींनी दहावीचे गुण वाढतील, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. दाखल्यातील एका चाकराने धन्याने दिलेला पैसा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवला आणि जसाच्या तसा परत केला. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टीही केली नव्हती. तरी धनी त्याच्यावर रागावला. मुलांच्या ठायी देवाने ठेवलेले धन आपणही असेच काळजीपूर्वक पुरून ठेवतो, ते वाया जाऊ नये म्हणून. ज्या दिवशी आष्ट्यातील एखादे मूल ‘मनाने काढ’ म्हटल्यावर डोंगर न काढता आपल्या दारातील म्हैस काढील आणि तिला जांभळा रंग देईल, त्या दिवशी तो रंग चुकला असे कोणी म्हणू नये, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.